लाल चिंधीची काकडी

आश्विनातल्या मंगळवारी सकाळी रेवती नगरकोटी शेताच्या तुकड्यावर पोचली, तेव्हा एकोणचाळीस नंबरच्या वेलावर लाल चिंधी होती, चिंधीखाली बोटभर देठ होता आणि देठाखाली काही नव्हतं.

देठ ओढून तोडलेला नव्हता. विळ्याने तिरका, नीट कापलेला होता. वानरं असं कापत नाहीत.

तिने आधी खाली पाहिलं. मग मांडवाच्या मागे पाहिलं. नसणार हे माहीत असूनही सुकलेली पानं हाताने बाजूला केली.

"पानदा, जरा इकडे या."

पान सिंह शेताची राखण करायचा. नदीपलीकडच्या गावचा, पन्नाशी उलटलेला. त्याला सगळे पानदा म्हणत. तो आला, बघितलं आणि टोपी काढून हातात धरली.

"गेली?"

"गेली."

"पण मी चिंधी बांधली होती, मॅडमज्यू. चांगली लाल. लांबून दिसेल अशी."

"लांबूनच दिसली असणार."

त्याचंही चुकलं नव्हतं. रेवतीने लावलेल्या कागदी चिठ्ठ्या पावसात विरघळल्या होत्या, प्लास्टिकच्या वानरांनी चावून टाकल्या होत्या. तेव्हा पानदाने बायकोच्या जुन्या ओढणीची पट्टी फाडून आणली. त्याच्या गावात काकडीला लाल चिंधी बांधली की ती बियाण्याची समजतात आणि तिला कुणी हात लावत नाही. रेवती अल्मोड्याच्या बाजारात वाढलेली. तिला ही युक्ती आवडली आणि तिने वहीत 'लाल कापड, क्र. ३९' असं लिहूनही ठेवलं.

या तुकड्यात चौसष्ट वेल होते. भाद्रपदात धुकं उतरलं आणि त्याच्यामागून केवडा रोग आला. पानांवर आधी पिवळे, कोनदार डाग पडले, पानांच्या पाठी राखाडी झाल्या आणि आठ दिवसांत सगळा मांडव जळक्या कागदासारखा दिसू लागला. एकोणचाळीस नंबरचा वेल तेवढा हिरवा उभा राहिला. त्याची आई या कांडेखोला गावातल्या गोविंदी काकीची काकडी. हातभर लांब, पिकली की तपकिरी जाळी धरणारी, छपरावर ठेवली तर माघापर्यंत टिकणारी. बाप ओढ्याच्या कपारीत वाढणारी रानकाकडी. अंड्याएवढी, आणि शेळीसुद्धा तोंड फिरवील इतकी कडू. पण केवडा तिच्या वाटेला जात नाही. दोघांचा संकर करायचा, निघालेल्या पिढीचं पुन्हा काकीच्या काकडीशी जुळवायचं, त्यातल्या टिकणाऱ्या वेलांचं पुन्हा तिच्याशीच. दर पिढीत कडूपणा कमी होत जातो. केवड्याला तोंड देण्याची ताकद मात्र कमी होऊ द्यायची नाही. यात सहा पावसाळे गेले होते.

त्या एका वेलावर रेवतीने चार मादीफुलं स्वतःच्या हाताने फळवली होती. त्याच वेलाचा पराग, त्याच वेलाचं फूल. दोन फळं पिवळी होऊन गळली, एक वानराने नेलं. मधमाश्यांच्या मर्जीने धरलेली बाकीची फळंही वानरांनीच संपवली. उरलेलं एक फळ त्रेचाळीस दिवस वेलावर पिकत होतं. आता वेलही वाळला होता.

तिने आपल्या कृषी संशोधन केंद्रातल्या पंत सरांना फोन लावला. ते म्हणाले, "दिवाळीच्या आत हरितगृहात बी मातीत पडलं, तर मार्चमध्ये प्रकल्प वाढवून द्या म्हणून मी भांडेन. पण हातात बी नसताना, फोटो दाखवून भांडता येत नाही गं."

शेताला लागून नंदी भौजीचं घर होतं. नंदी भौजी अंगणात मडुवा, म्हणजे नाचणी, पाखडत होती. रेवतीने विचारलं, "भौजी, काल इकडे कुणी आलेलं पाहिलंत का? माझी बियाण्याची काकडी गेली. चिंधी बांधली होती तरी."

"कसली चिंधी?"

"लाल."

नंदी भौजीने सूप खाली ठेवलं. आधी तिचे खांदे हलले, मग ती जोत्यावर बसली आणि पदराने डोळे पुसत हसली.

"अगं, लाल चिंधी बांधलीस म्हणजे 'न्या गं बायांनो' म्हणून दवंडीच दिलीस की. वर पुन्हा 'तरी' म्हणतेस."

कांडेखोल्यात चिंधीचा अर्थ नेमका उलटा होता. आश्विनात प्रत्येक घर आपल्या वेलावरच्या सगळ्यांत चांगल्या काकडीला लाल चिंधी बांधतं, आणि ती चोरली जावी म्हणून बांधतं. किडकीला बांधली तर नाक कापलं जातं. गावातल्या बायका एकमेकींचं बी असंच नेतात. मागितलेलं रुसतं, दिलेलं लाजतं, चोरलेलं माजतं. चोरणारीने सांगायचं नाही, जिचं गेलं तिने विचारायचं नाही. नेणारीने दुसरीसाठी काही न ठेवता सगळं ओरबाडायचं नाही. पुढच्या भाद्रपदात त्या बीचं पहिलं फळ पहाटे गुपचूप मालकिणीच्या उंबऱ्यावर ठेवायचं.

सहा वर्षांत रेवती दर पावसाळ्यात या गावात आली होती, पण आश्विनात कधीच नाही. पिकलेल्या फळांतून बी काढायचं काम आतापर्यंत केंद्रावरच व्हायचं.

"तू शिव्या दिल्यास का?" नंदी भौजीने विचारलं.

"कुणाला?"

"चोरणारीला. बांधावर उभं राहून, गावाला ऐकू जातील अशा. शिव्या दिल्याशिवाय ते बी उगवत नाही. ती बिचारी कालपासून कान लावून बसली असेल. आणि तिनेही त्या शेवटपर्यंत ऐकायच्या असतात, मध्येच उठायचं नाही. अर्धी शिवी, अर्धं पीक."

"मला शिव्या येत नाहीत, भौजी."

"येत नाहीत म्हणजे? एवढं शिकून?"

पानदाने आपण देऊ का म्हणून विचारलं. नंदी भौजीने त्याला हातानेच गप्प केलं. बाप्याच्या शिव्या चालत नसत. शेवटी रेवती बांधावर जाऊन उभी राहिली. खाली दरीत पाथरांची, दगडी पाट्यांची छपरं उन्हात चमकत होती. तिने घसा साफ केला.

"ज्या कुणी क्रमांक एकोणचाळीसची काकडी नेली असेल, त्यांनी कृपया…"

"ही शिवी आहे की नोटीस?" नंदी भौजी मागून म्हणाली. "ये खाली. उगाच बी सडेल त्या बाईचं."

"कुणी नेली ते तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत नसतं तरी सांगितलं नसतं," नंदी भौजीने सूप पुन्हा उचललं. "आणि माहीत आहे."

बी कुठे असेल हे मात्र रेवतीला शोधायची गरज नव्हती. या डोंगरात काकडीचं बी डब्यात ठेवत नाहीत. पिकलेली काकडी चिरली की गर किसून उडदाच्या डाळीबरोबर वड्यांना जातो आणि बी शेण-राखेच्या तळहाताएवढ्या चकतीवर लावून चुलीजवळच्या भिंतीवर थापतात. धुराने कीड लागत नाही. म्हणजे भिंती पाहायला हव्यात. आणि आपलं बी ती ओळखू शकत होती, कारण रानकाकडीचं बी आखूड असतं आणि बापाचं तेवढं देणं तिसऱ्या पिढीतही पुरतं गेलेलं नव्हतं. तिच्या वहीच्या कडेला मिलिमीटरची पट्टी चिकटवलेली होती.

दोन दिवसांत तिने अकरा घरांत चहा प्यायला. कटोरीत चहा, दुसऱ्या हातावर गुळाचा खडा. चहा पिताना ती चुलीशेजारच्या भिंतीकडे बघायची, आणि ती बघतेय हे घरातल्या बाईला कळायचं, पण कुणी काही बोलायचं नाही. एकीने तर कंदील जवळ आणून ठेवला.

"नीट बघ हो चेली, पोरी. डोळे चांगले आहेत ना तुझे?"

केंद्राच्या नोंदवहीत या गावाच्या काकडीचे चार प्रकार होते. ते रेवतीनेच लिहिलेले होते आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. भिंतींवर मात्र तिने पहिल्या दिवशी नऊ मोजले. दुसऱ्या दिवशी ते चौदा झाले. रुंद, निमुळतं, पिवळसर, कडेला गडद रेघ असलेलं. कुठल्याच घरात एकाच जातीचं बी नव्हतं. दर वर्षी एका घरातून दुसऱ्या घरात, वरच्या वाडीतून खालच्या वाडीत. कुणाचंही बी सलग दोन वर्षं एका छपराखाली राहत नव्हतं. ती वहीत लिहीत गेली आणि लिहिता लिहिता आपण इथे कशाला आलोय ते एकदोनदा विसरलीही.

बारावं घर गोविंदी काकीचं. ते तिने मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

गोविंदी काकी साठीची, काटक, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेली. सहा वर्षांपूर्वीच्या पौषात रेवती पहिल्यांदा तिच्याकडे बी मागायला गेली होती, तेव्हा काकी सरळ नाही म्हणाली होती. रेवतीला ती कंजूष वाटली होती. पण निघताना काकीने एक पिकलेली काकडी तिच्या पिशवीत कोंबली. "वड्या कर. आत काय असतं ते मला माहीत नाही, मी बघितलेलं नाही." संकराची सगळी आई-पिढी त्या एका काकडीतून आलेली होती. केंद्राच्या फॉर्ममध्ये 'नमुना कसा मिळाला' या रकान्यात रेवतीने तेव्हा 'दान' लिहिलं होतं. काकी ते वाचती तर चिडली असती.

नंतर मात्र दर पावसाळ्यात काकी मांडवापाशी येऊन बसायची. आदल्या संध्याकाळी फुलाची तोंडं दोऱ्याने बांधायची, सकाळी नर खुडून मादीला लावायचा, पुन्हा दोरा गुंडाळायचा, हे ती फार लक्ष देऊन बघायची.

"सोयरीक लावतेस," ती म्हणायची. "पण जावई कुठून आणलास, तर ओढ्यातून. लोक हसतील."

पहिल्या पिढीचं फळ तिने चाखलं आणि अंगणभर थुंकली होती. "कडू गं बाई. जावयावर गेलंय." गेल्या वर्षी तिसऱ्या पिढीतली काकडी आली. वाटलेलं हिरवं मीठ लावून तिने ती अख्खी संपवली. मग वेलाकडे बघत म्हणाली, "नातवंडं सुधारली."

आता ती चुलीपुढे बसली होती. दारात रेवतीला पाहून तिने किटली चढवली.

"सगळ्यांकडे जाऊन आलीस म्हणे. माझ्याकडेच यायचं राहिलं."

"आले की, काकी."

"बस. पायतानं राहू दे, राहू दे."

भिंतीवर नऊ चकत्या होत्या. आठ जुन्या, काळवंडलेल्या. नववी अजून ओलसर होती. रेवतीने कटोरी खाली ठेवली आणि वहीची कड भिंतीला लावली. जुन्या चकत्यांवरचं बी अकरा मिलिमीटर होतं, साडेअकरा. नवव्या चकतीवरचं आठ. तिने तीन ठिकाणी मोजलं. आठ, आठ, सव्वाआठ.

 ती तशीच उकिडवी बसून राहिली.

"या बारीक आहेत, काकी."

"आहेत बारीक." काकी चूल फुंकत होती. "बारकं मूल काटक असतं. भाद्रपदात गावचे सगळे मांडव माना टाकून बसले, माझासुद्धा. एकच वेल उभा होता. माझ्या एका डोळ्याने बघितला मी."

"कुणाचा वेल?"

"होता कुणाचातरी."

रेवतीने ठरवून आणलेली वाक्यं होती. एक फळ, सहा वर्षं, दिवाळी, मार्च. तिने एवढंच म्हटलं, "काकी, मला या बिया—"

काकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. हातात फुंकणी होती, तिचं टोक केसांत रुतलं.

"मागू नकोस. तू मागितल्यास तर मला नाही म्हणता यायचं नाही, तू माझ्या मुलीसारखी. आणि दिल्या तर संपलंच. दिलेलं बी लाजतं. सहा वर्षं त्या वेलापायी पावसात भिजलीस, आता एका शब्दाने मातीत घालशील?"

रेवतीने वही मिटली. मागण्या-देण्याने अंकुरात काही फरक पडत नाही हे तिला माहीत होतं. हेही माहीत होतं की तिने भिंतींवर मोजलेले चौदा प्रकार या बाईच्या गावाने असं न मागताच जपले होते.

काकीने हात काढले. चहा ओतला. तो रेवतीने पूर्ण पिईपर्यंत ती मडुव्याच्या भाकरीवर आणि सुनेच्या बाळंतपणावर बोलत राहिली. मग उठली, विळा कमरेला खोचला आणि डोक्याला फडकं बांधलं.

"मी जाते गवताला. वरच्या शेतात. चांगला घटकाभर वेळ लागेल मला, गुडघे दुखतात." दारात ती थांबली. "ही कडी बिघडली आहे बघ, लागत नाही. सुरी चुलीच्या डाव्या अंगाला आहे. भोपळा चिरायचा होता, राहिला. कुणाला सांगितलेलं नाही मी सुरी कुठे आहे ते."

ती वरच्या पायवाटेला लागली. जाताना गुडघ्यांचं काही दुखणं दिसत नव्हतं.

रेवती अंगणातल्या अक्रोडाखाली उभी राहिली. तिचे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. शेजारच्या आवारातलं पडलेलं आलुबुखारसुद्धा ते परत करायला लावत. बत्तीस वर्षांत तिने पेन्सिलदेखील उचलली नव्हती. बरोबर आलेला पानदा वाटेवर राखणीला बसला आणि कुणीही येत नसताना शीळ घालू लागला.

"पानदा, शीळ कशाला?"

"कुणी नाही असं सांगतोय, मॅडमज्यू."

ती आत गेली. सुरी डाव्या अंगालाच होती, धुऊन पुसून ठेवलेली. तिने चकतीची कड सैल केली. शेण अजून मऊ असल्यामुळे ती अख्खी हातात आली. उंबऱ्यावर उजेडात बसून तिने बिया मोजल्या. एकशे सतरा.

तिला सगळ्या हव्या होत्या. केवड्याला टिकण्याचा गुण सगळ्याच बियांत पक्का उतरलेला नसणार. चारांत एक असली तरी नशीब. एकशे सतरांत तशा तीसेक मिळाल्या असत्या, अर्ध्यांत पंधरा. पंधरांवर हिवाळा काढणं म्हणजे दोरीवर चालणं. तिने हा हिशेब दोनदा केला आणि दोन्हीदा तोच आला. मग तिला मांडवापाशी बसलेली काकी आठवली. चौसष्ट वेलांतला नेमका एक तिने एका डोळ्याने, कुठलीही वही न बाळगता हेरला होता. पुढच्या वर्षीही हेरील. अर्ध्या बिया तिच्या भिंतीवर राहिल्या तर त्या वाया जाणार नव्हत्या. वेगळ्या हातात गेल्या असत्या, एवढंच.

तिने सुरीने चकती मधोमध कापली. अठ्ठावन्न बिया रुमालात घेतल्या. जास्तीची एक काकीकडे ठेवली आणि अर्धी चकती भिंतीवर पुन्हा थापली. बोटांना शेण-राखेचा वास लागला. निघताना तिने भोपळा चिरून ठेवला, कारण सुरी वापरली होती.

ती दोघं जेमतेम अक्रोडापर्यंत पोचली असतील, तेवढ्यात वरच्या शेतातून आवाज आला. काकीने अजून घरात पाऊलही टाकलेलं नव्हतं.

"कुणाच्या हाताला खाज सुटली गं? कोण ती भामटी, माझ्या चुलीपर्यंत आली?"

पानदाने रेवतीला कोपराने खाली बसवलं. "ऐका आता. हलायचं नाही."

"त्या हाताला वेली फुटोत. तिच्या छपरावर काकड्यांच्या भाराने पाथर तुटोत. तोडून तोडून तिची कंबर मोडो, खाऊन खाऊन घरचे पळून जावोत. तिच्या दारातून वानरांनी तृप्त होऊन ढेकर देत जावं. सटवी, नवरा मिळो तुला रानकाकडीसारखा कडू, आणि त्याची नातवंडं गोड निघोत…"

खालच्या वाडीत बायका अंगणात येऊन उभ्या राहिल्या. नंदी भौजीने एका चांगल्या शिवीला मान डोलावली. रेवतीच्या परतीच्या, तीनच्या बसचा भोंगा वळणावर वाजला, थांबला, पुन्हा वाजला. रेवती उठली नाही. गोविंदी काकीला शिव्या पुष्कळ येत होत्या आणि श्वास लांब होता. बस निघून गेल्यानंतरही ती वडलांपासून सुरू करून मामांपर्यंत पोचत होती.

शेवटी काकी म्हणाली, "आणि आजकालच्या पोरींना चोरी झाली तर धड शिवीसुद्धा देता येत नाही. मेल्यांमुळे दुसऱ्याचं बी उपाशी राहतं." मग गप्प झाली.

रेवतीने रुमालाची गाठ तपासली, तो आतल्या खिशात ठेवला. मग ती आपल्या मांडवाच्या बांधावर जाऊन उभी राहिली. तिथे अजून लाल चिंधी लोंबत होती.

"माझी एकोणचाळीस नंबरची कुणी नेली गं," ती म्हणाली. आवाज चिरकला. तिने पुन्हा मोठ्याने सुरुवात केली. "कोण ती… ती भामटी? तिच्या वेलाला जन्मात केवडा न लागो. तिच्या मांडवात भाद्रपदात एवढी हिरवळ माजो की… की तिला तिचंच घर सापडू नये. आणि तिचा दुसरा डोळा शंभर वर्षं चांगला राहो, मेलीचा."

 मग वरच्या शेतात गवत कापण्याचा आवाज सुरू झाला, आणि त्यातून गोविंदी काकी, कुणाला उद्देशून नाही अशी, म्हणाली, "ठीक आहे. पुढच्या वर्षी जमेल."